नोराची वाटी आणि वृंदाचा कायदा

७ जून २०२०, रविवार

चित्रे, हे वाचतेयस म्हणजे चष्मा सापडला म्हणायचा. नसेल सापडला तर कपाळावर हात लावून बघ, तिथेच असेल. लहानपणी तुला हळद आणायला पाठवली की मीठ घेऊन यायचीस आणि पिशवी दुकानातच ठेवून यायचीस. म्हणून तुला फोनवर काही सांगत नाही. सांगितलेलं तू भाकरी थापायच्या आत विसरणार. त्यापेक्षा वहीत राहू दे. मी गावी आले की ओट्यावर बसून मला सगळं वाचून दाखवायचं. मला वाचता येत नाही हेसुद्धा विसरशील, म्हणून आधीच सांगितलं.

लिहिणारी वृंदा आहे. तुझी भावजय, माझी सून. मी बोलते, ती लिहिते. तिच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की हात भराभरा चालतो, नाही तर पेनातली शाई संपते. हे पण लिही गं. गाळू नकोस.

मी इथे परदेशी तुझ्या भावाकडे आले फेब्रुवारीत, दोन महिन्यांसाठी. मग हा रोग आला आणि विमानं बसली. गिरीश म्हणतो, सरकारने व्हिसा आपोआप वाढवलाय, काळजी करू नकोस. मी कशाला करू? काळजी करायला तो आहे. तो दिवसभर वरच्या खोलीत संगणकाशी बोलतो. अनुष्का शेजारच्या खोलीत तिच्या शाळेशी बोलते. मी मराठीत विचारते, जेवलीस का? ती म्हणते, ‘आय'म ग्रँड, आजी.’ ग्रँड म्हणजे ठीक. इथे सगळेच ग्रँड असतात, पाय मोडला तरी.

बाहेर भिंत आहे, कमरेएवढी. भिंतीपलीकडे नोरा.

२१ जून, रविवार

नोराचं सांगायचं राहिलं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. लग्न केलं नाही. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, एकटी राहते. मार्चपासून सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम होता. ती तिच्या दारात खुर्ची टाकून बसायची, मी माझ्या. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नाही.

एकदा मी खिचडी केली. वाटीत घालून भिंतीवर ठेवली आणि मागे सरले. तिने नेली. दुसऱ्या दिवशी वाटी भिंतीवर. घासलेली, लखलखीत आणि रिकामी.

मी म्हटलं, आता बया! मी वाटी उचलून तिला दाखवली, आत बोट दाखवलं, मान हलवली. रिकामी नाही चालत. तिला वाटलं नीट घासली नाही. आत नेऊन पुन्हा घासून आणली. मी पुन्हा मान हलवली. मग बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आत गेली आणि वाटीत एक बटाटा ठेवून घेऊन आली. एकच. कच्चा.

मी दोन्ही हात जोडले. ती इतकी हसली की खुर्चीला धरून उभी राहिली.

तेव्हापासून चाललंय. एक दिवस माझी पाळी, एक दिवस तिची. माझ्याकडून उपमा, भाजी, कधी शिरा. तिच्याकडून ब्रेडची खाप, रुबार्ब नावाचा लाल आंबट देठ, एकदा कांद्याचं रोप. काहीच नसलं की बटाटा. ती मला ‘बागी’ म्हणते. सासऱ्यांनी मला भागीरथीची भागू केली होती, तसंच हे.

९ ऑगस्ट, रविवार

वृंदा शिकतेय. दिवसा ब्लँचर्डस्टाउनला म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं उठणं-बसणं, अंघोळ बघते आणि संध्याकाळी त्याच कामाचा कोर्स करते. पुण्याला बँकेत होती. सोडून हे. माझी जाऊ ऐकेल तर म्हणेल, हे तर आम्ही फुकट करत होतो, त्याची परीक्षा कसली?

आता कायद्याचा पेपर आहे. मी मेथी निवडते आणि ती मला वाचून दाखवते. मला समजलं की तिला समजलं, असा तिचा हिशेब.

आज म्हणाली, “आई, सज्ञान माणूस आपलं आपण ठरवू शकतो, असं धरूनच सुरुवात करायची. म्हातारा असो, आजारी असो.”

“आणि त्याने चुकीचं ठरवलं तर?”

“चुकीचं ठरवलं म्हणजे डोकं गेलं असं होत नाही. चुकायचाही हक्क आहे.”

“हां, म्हणजे तू गिरीशशी लग्न केलंस ते कायद्यात बसतं.”

पेनातली शाई संपली बघ.

मजा पुढे आहे. याचा चांगला नवा कायदा पाच वर्षांपूर्वी पास झालाय, पण अजून सुरूच झालेला नाही. मी म्हटलं, म्हणजे अक्षता पडल्या आणि नवरी अजून माहेरीच! तोवर कोर्टात कोणता चालतो? तर दीडशे वर्षांपूर्वीचा, इंग्रज राणीच्या राज्यातला. त्याच्या नावातच वेडेपणा आहे. त्यात कोर्ट माणसाला पदराखाली घेतं आणि पुढे त्याने कुठे राहायचं, काय करायचं, ते कोर्टाच्या मर्जीवर.

मी बरेच प्रश्न विचारले. माणूस अर्धा विसरत असेल तर? सकाळी शहाणा आणि संध्याकाळी वेडा असेल तर? वृंदा म्हणाली, “सकाळी विचारायचं.” मला आवडलं. मी जन्मात कायदा ऐकला नव्हता, फक्त अंगठा दिला होता. आत असलं काही लिहिलेलं असतं हे कुणाला माहीत!

२७ ऑक्टोबर, मंगळवार

नोरा पडली.

आज पाळी तिची. दुपार झाली तरी वाटी भिंतीवर नाही. कधी उशीर करत नाही ती. मी दोनदा बाहेर जाऊन आले. मग वृंदाला म्हटलं, जा बघ. वृंदाने दारातल्या टपालाच्या फटीतून हाक मारली तेव्हा आतून शिवी ऐकू आली. वृंदा म्हणते शिवी होती, मला तर आवाज ऐकूनच बरं वाटलं. स्वयंपाकघरात पडलेली. मांडीचं हाड, वरचं, खुब्याचं.

ॲम्ब्युलन्स आली. नेताना तिने मला काहीतरी सांगितलं आणि ओट्याकडे बोट दाखवलं. वृंदाने जाऊन पाहिलं. वाटी भरलेली होती. उकडलेलं अंडं. द्यायला येतानाच पडली.

दवाखान्यात आत जाऊ देत नाहीत, कुणालाच नाही. अंडं मी खाल्लं. ठेवून काय करणार?

२२ नोव्हेंबर, रविवार

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा काही दिवस भलतंच बोलत होती म्हणे. वृंदा म्हणते, भूल दिल्यावर म्हाताऱ्यांना होतं, उतरतं. आता तिला दवाखान्यातून थेट वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नेलंय. ‘थोडे दिवस.’

तिला एक पुतण्या आहे, डेक्लन. ट्रलीला असतो, गाडीने चार तास. त्याला पाच किलोमीटरच्या बाहेर पडता येत नाही. फोनवरच सगळं ठरवतो.

मी वृंदाला विचारलं, घरी का नाही आणत? कुणी सकाळ-संध्याकाळ येऊन बघेल, तू जातेस तसं. ती म्हणाली, “नर्सिंग होमचा खर्च द्यायला सरकारचा कायदा आहे, आई. घरी मदत देण्याची योजना आहे, पण तिचा कायदा नाही. माणसं मिळाली तर मिळाली, नाही तर यादीत थांबायचं.”

म्हणजे बाईला घराबाहेर ठेवायला कायदा आहे, घरात ठेवायला नाही. मी मुद्दाम पुन्हा विचारलं, मला वाटलं मी उलटं ऐकलं. उलटं ऐकलं नव्हतं.

२० डिसेंबर, रविवार

आज डेक्लन आला. परवापासून जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाली म्हणून. नोराचे कपडे, कागद न्यायला. मोठा, लाल चेहऱ्याचा, रात्रभर न झोपल्यासारखा. भिंतीपाशी उभा राहिला, हातात पिशवी. आत माझ्या वाट्या! चार होत्या, पुढच्या पाळ्यांना लागतील म्हणून मीच तिला देऊन ठेवलेल्या.

त्याचं बोलणं वृंदाने मला सांगितलं तसं सांगते. तो म्हणाला, “या तुमच्या का? तिच्या फ्रीजमध्ये होत्या. एकीत एक बटाटा, एकीत कागदात गुंडाळलेली बिस्किटं. ती पडायच्या आधी नर्स घरी येऊन गेली होती, तिनेही लिहून ठेवलंय. आणि आता तिथे ती जेवणाची ताटं रिकामी परत जाऊ देत नाही. प्रत्येक ताटात काहीतरी ठेवते. साखरेची पुडी, टॉफी, एकदा पायातला मोजा. म्हणते, रिकामी जात नाही. डोकं गेलंय हो तिचं. मी कागदांवर सही केली. तिथेच राहील ती आता. घर विकावं लागेल.”

मी हसायला लागले. मोजा! चित्रे, मला आवरेना. मग त्याच्याकडे पाहिलं आणि थांबले. कारण तो रडत होता.

मी वृंदाला म्हटलं, सांग त्याला. ही रीत माझी आहे. मी शिकवली. बटाटा माझ्यामुळे आहे.

वृंदाने सांगितलं. मग थोडं थांबून आणखी काही सांगितलं, हळू आवाजात. तो एकदम ताठ झाला. “मी तिचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे,” म्हणाला आणि गाडीत बसून गेला. वाट्या भिंतीवर राहिल्या.

मी विचारलं, काय बोललीस गं?

“सांगितलं की जवळचा नातेवाईक असला तरी सज्ञान माणसाच्या वतीने इथे कायद्याने सही करता येत नाही. मुलाला नाही, नवऱ्याला नाही. तिने आधी लिहून दिलेलं असेल किंवा कोर्टाने नेमलेलं असेल तरच. सगळ्यांना वाटतं येते. दवाखान्यातले पण घेतात सह्या.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मुलाला सुद्धा नाही?

“नाही, आई.”

मग इथे मुलगा करायचा तरी कशाला?

२१ डिसेंबर, सोमवार

वृंदा घाबरली आहे. म्हणते, मी बोलायला नको होतं. ती नोराची कामवाली नाही, नुसती शिकणारी. शिकलेलं शेजाऱ्यांवर उडवायचं नसतं, दुसऱ्याच्या घरची गोष्ट बाहेर काढायची नसते, याचाही धडा आहे. कोर्सच्या बाईंनी ऐकलं तर काय म्हणतील?

मी म्हटलं, तू सुनावलंस कुठे? तू शेजारीण आहेस. आणि वाट्या आपल्या आहेत.

तिने उठून चहा केला, साखर विसरली. तुझ्यासारखी.

१० जानेवारी २०२१, रविवार

पुन्हा सगळं बंद. नोराचा काही पत्ता नाही. रोज दुपारी मी भिंतीकडे बघते. सवय.

आज गिरीश जेवताना म्हणाला, “आई, मी आणि चित्राताई बोललो. तू आता इथेच राहा. गावच्या घराला भाडेकरू बघतोय. ठरलंय.”

बरं झालं, मला बातमी कळली. तू हे वाचशील तेव्हा तुला तरी आठवेल की तू बोलली होतीस. मी म्हटलं, बरं. आपल्याकडे मुलगाच ठरवतो. बापाने दिलं तिथे गेले, नवऱ्याने नेलं तिथे राहिले, त्यात काय. गावच्या अंगणातल्या शेवग्याला या वर्षी शेंगा आल्या असतील, एवढंच मनात आलं. भाडेकरू तोडतील की झोडतील?

वृंदाने घास खाली ठेवला. गिरीशकडे बघत होती. मी म्हटलं, काय झालं, मीठ जास्त पडलंय का? आज भाजी माझी होती.

आत्तासुद्धा तिचं पेन थांबलंय. लिही गं.

२४ जानेवारी, रविवार

डेक्लनचा फोन आला. वृंदाला, स्वतःहून.

म्हणाला, आधी फार राग आला होता. मग आत्याला फोनवर सहज विचारलं, तू ताटात टॉफी का ठेवतेस? तर ती म्हणाली, बागीकडे वाटी रिकामी परत देणं अपमान असतो, इथल्या स्वयंपाकघरातल्या पोरी कुठल्या कुठल्या देशांतून आल्यात, त्यांच्यातही असेल, आपण तोंड दाखवायला जागा ठेवायला नको का? मग मोजा? तर त्या दिवशी दुसरं काही नव्हतं आणि मोजा नवा होता, म्हणाली.

“आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही तिला,” तो म्हणाला. “मी पण नाही.”

आता तिथल्या सोशल वर्करने बैठक ठेवलीय. व्हिडिओवर. त्याने सांगितलं, शेजारणींना घ्या. आणि नोराला विचारलं चालेल का, तर ती म्हणाली, बागी नसेल तर मी पण नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक झाली. मी हिरवी नऊवारी नेसले होते. गिरीश म्हणाला, आई, फक्त चेहरा दिसतो. मी म्हटलं, मला तर सगळी दिसते ना.

पडद्यावर चौकोन. एका चौकोनात डॉक्टर, एकात सोशल वर्कर बाई, एकात डेक्लन, एकात नोरा. नोरा बारीक झालीय. मला बघितलं आणि हात वर केला. हातात कप होता, त्यात पेन. रिकामा नव्हता!

वृंदाने आधीच मला बजावलं होतं. “तुम्ही बोलाल तेवढंच मी सांगेन. कमी नाही, जास्त नाही. आणि ती वेडी आहे की शहाणी, हे विचारणारच नाहीत. घरी जाणं ही एक गोष्ट तिला समजते का, लक्षात राहते का, तोलता येते का आणि सांगता येते का, एवढंच बघतात.” हे तिच्या पेपरात आलं होतं म्हणे. पेपराने कुणाला उपयोग होतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

मी वाटी धरून सांगितलं. एक दिवस माझी पाळी, एक दिवस तिची. ती कधी चुकली नाही. मी दोनदा चुकले, तिने भिंतीवर टकटक करून आठवण दिली.

डॉक्टर हसले नाहीत, ते मला बरं वाटलं. त्यांनी नोराला विचारलं, घरी पुन्हा पडलात तर काय कराल?

वृंदाने तिचं उत्तर माझ्या कानात सांगितलं. “फरशीवर पडून शिव्या देईन. दुपारपर्यंत. मग बागी बघेल की भिंतीवर वाटी नाही, आणि येईल. मागच्या वेळी आली तशी.”

“आणि नाही आली तर?”

नोराने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “तर मरेन बहुधा. तेही मी धरलंय. इथे मी सुरक्षित आहे, डॉक्टर. इथे माझी पाळीच येत नाही.”

डेक्लनने तोंडावर हात ठेवला. मग डॉक्टर म्हणाले, तुम्हाला ठरवता येतं, मला शंका नाही. सोशल वर्कर बाई म्हणाली, मग आता प्रश्न तुम्ही घरी जायचं की नाही हा नाही, कसं जायचं हा आहे. डेक्लन म्हणाला, मी भीत होतो, आत्या. नोरा म्हणाली, ते मला माहीत आहे रे, मी कुठे नाही म्हटलं.

बैठक संपल्यावर वृंदा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मी विचारलं, पास झालीस का? ती रडतारडता हसली.

२८ मार्च, रविवार

आज होळी. माणूस मिळाला नाही म्हणून नोराचं येणं महिनाभर लांबलं होतं. आता मिळाला. सकाळी अर्धा तास, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार कुणी नाही. वृंदा म्हणते, कायदा असता तर भांडता आलं असतं. डेक्लनने खालच्या खोलीत पलंग आणून दिलाय, बाथरूमला दांडे बसवलेत. शनिवार-रविवार माझे. कुणी मला नेमलं नाही, मीच सांगितलं.

आणि आणखी एक. पोळीचं पुरण शिजत होतं तेव्हा गिरीश खाली आला. वृंदा त्याच्या मागे. तो दारात उभा राहून म्हणाला, “आई, तुला कुठे राहायचंय?”

मी म्हटलं, काय?

“इथे की गावी? मी विचारलंच नव्हतं.”

चित्रे, चौऱ्याहत्तर वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. साडी कुठली घ्यायची, हे विचारलं होतं. मी पुरणात पळी फिरवत राहिले. मग म्हटलं, सांगते नंतर. अजून सांगितलेलं नाही. कुणीतरी विचारल्याची मजा येतेय. तो सकाळपासून चेहरा पाडून फिरतोय. फिरू दे.

३ एप्रिल, शनिवार

नोरा आली.

वॉकर धरून दारापर्यंत. खुर्चीत बसली. भिंतीपर्यंत येणं अजून जमत नाही. मी भिंतीजवळ, ती दारात, मध्ये तिची बाग. पुरणपोळी आठवड्याची शिळी होऊन संपली होती, म्हणून मी शिरा केला होता. वृंदाने नेऊन दिला.

संध्याकाळी नोराने हाक मारली. मांडीवर वाटी. तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं आणि मान हलवली. वृंदा धावली, मी आणते म्हणाली. नोराने हात वर केला, थांब. मी पण थांब म्हटलं. दोन्ही भाषांत एकाच वेळी.

ती वाटी तिच्याकडेच राहील. आत बटाटा आहे, मला इथूनच दिसतोय. ती स्वतः भिंतीपर्यंत घेऊन येईल तेव्हा मी घेईन. आणि त्या दिवशी मी गिरीशला माझं उत्तर सांगेन, आधी नाही. तुला सांगते, कारण तू तोवर विसरशील. शेवगा तोडू देऊ नकोस.

या पानाचा फोटो वृंदा तुला आजच फोनवर पाठवेल, म्हणून आता नीट ऐक आणि चष्मा काढायच्या आत उठून कर. कुरिअरने डिंक पाठव, बाभळीचा, बारीक खड्यांचा. खारीक, खसखस, सुंठ. लाडू पाठवू नकोस, तूप वाटेत अडवतात, मी इथेच वळीन. नोराच्या हाडाला लागतो. इथे चैत्रातही थंडी असते, पचेल. आणि एकाच हिवाळ्यापुरता डिंक पाठव, दोनचा नको, दुसऱ्याला मी गावच्या शेवग्याखाली असेन.